क्वार्टरबॅक आणि त्याच्यापुढील पाच जण : अमेरिकन फुटबॉलमधील पास-संरक्षणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांत ‘फुटबॉल’ हा शब्द ज्या खेळासाठी रूढ आहे, त्याला अमेरिकेत ‘सॉकर’ म्हणतात. अमेरिकन माणूस ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ रग्बीतून उत्क्रांत झालेला असून त्यात चेंडू मुख्यत्वे हातात धरून अथवा फेकून पुढे नेला जातो. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाने चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावयाचे, अन्यथा चेंडूवरील हक्क गमवावयाचा, हे या खेळाचे मूलतत्त्व होय. प्रत्येक प्रयत्नाचा प्रारंभ ‘सेंटर’ हा खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे देऊन करतो. चेंडू स्वीकारणारा तो क्वार्टरबॅक. सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन गार्ड आणि त्यांच्याही बाहेर उभे असणारे दोन टॅकल अशा पाच जणांची रांग क्वार्टरबॅकच्या पुढे असते. या पाच जणांना सामान्यतः पास झेलण्याचा अधिकार नसतो. पासच्या वेळी समोरून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना थोपवून धरणे, एवढेच त्यांचे काम. ते थोपवू शकले नाहीत आणि क्वार्टरबॅक चेंडू फेकण्यापूर्वीच मागच्या मागे पाडला गेला, तर त्यास ‘सॅक’ अशी संज्ञा आहे.

या खेळाविषयीचे लोकप्रिय लेखन क्वार्टरबॅककेंद्रित आहे. विजय-पराजयांची संख्यासुद्धा त्याच्याच नावावर मांडली जाते. आपल्याकडील इतिहासलेखनात सेनापतीचे नाव उरते आणि बारगीर-शिलेदारांची नावे हजेरीपटातही शोधावी लागतात, तशातलाच हा प्रकार आहे. पाच रक्षकांच्या कामगिरीचा स्वतंत्र रकाना अधिकृत धावफलकात नाही. त्यांचे नाव उच्चारले जाते ते बहुधा नियमभंगाचा दंड झाल्यावर.

प्रस्तुत निबंधात आक्रमक संघाच्या यशात क्वार्टरबॅकचा वाटा किती व रक्षकांचा किती, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. हा वाटा पूर्णतः वेगळा काढता येत नाही, कारण दोघेही एकाच गोष्टीचा व्यवहार करीत असतात आणि ती गोष्ट म्हणजे दोन-तीन सेकंदांचा अवधी, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. तो अवधी कोणी निर्माण केला, कोणी वाया घालवला आणि त्याची शारीरिक किंमत कोणाच्या वाट्याला आली, हे तपासणे उद्बोधक ठरते.

रक्षक असलेला क्वार्टरबॅक

या खेळाच्या नियमांना आकार देण्यात येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. १८८० साली त्यांच्या आग्रहामुळे रग्बीतील गोंधळाची झुंबड जाऊन तिच्या जागी चेंडू एका संघाच्या निर्विवाद ताब्यात देणारी आरंभरेषा आली. चेंडू प्रथम स्वीकारणाऱ्याला ‘क्वार्टरबॅक’ म्हणावे, हेही त्याच वेळच्या नियमांत नमूद झाले. मात्र त्याच नियमाने त्याला चेंडू घेऊन स्वतः पुढे धावण्यास मनाई केली होती. पुढे पास देण्याचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे आज अमेरिकन क्रीडाविश्वात ज्याच्याभोवती सर्वाधिक वलय आहे, तो खेळाडू जन्मतः केवळ चेंडू इकडून तिकडे सोपविणारा होता.

धावणे हेच एकमेव साधन असल्याने खेळ दाटीवाटीचा व हिंसक झाला. १८९२ साली हार्वर्डने येलविरुद्ध वापरलेली ‘फ्लाइंग वेज’ ही पाचरीच्या आकाराची धडक कुप्रसिद्ध आहे. १९०५ च्या हंगामात किमान १८ मृत्यू झाल्याची नोंद तत्कालीन वृत्तपत्रांनी केली. त्याच वर्षी ९ ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. या घडामोडींची परिणती १९०६ च्या नियमबदलांत झाली आणि पुढे फेकलेला पास प्रथमच वैध ठरला. पासचा जन्म खेळाडूंचे प्राण वाचविण्याच्या खटाटोपातून झाला, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

नव्या पासवर बंधने मात्र जाचक होती. कोणाचाही स्पर्श न होता पास जमिनीवर पडला तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याकडे जाई. ५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिनमधील वॉकेशा येथे कॅरोल कॉलेजविरुद्ध सेंट लुई विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला वैध पास फेकला तो असाच वाया गेला व चेंडू हातचा गेला. त्याच सामन्यात पुढे त्याने जॅक श्नायडरला दिलेल्या पासवर गुण मिळाले. प्रशिक्षक एडी कॉकेम्स यांच्या या संघाने त्या हंगामातील सर्व ११ सामने जिंकले. तरीही पूर्वेकडील मातब्बर विद्यापीठांनी या अस्त्राकडे काही काळ संशयानेच पाहिले. १ नोव्हेंबर १९१३ रोजी वेस्ट पॉइंट येथे नोत्र दामने गस डोराइस व नूट रॉकनी यांच्या पासच्या जोरावर आर्मीचा ३५-१३ असा पराभव केला, तेव्हा कोठे देशाचे लक्ष तिकडे वेधले गेले.

या काळातील प्रमुख व्यूहरचना म्हणजे ‘सिंगल विंग’. तीत सेंटर चेंडू थेट ‘टेलबॅक’कडे देई आणि धावणे व फेकणे ही दोन्ही कामे टेलबॅक करी. क्वार्टरबॅक त्याच्या पुढे उभा राहून येणाऱ्यांना अडवीत असे. ज्याच्या रक्षणासाठी पुढे संपूर्ण नियमावली व अर्थव्यवस्था उभी राहिली, तो क्वार्टरबॅक एकेकाळी स्वतःच रक्षकाचे काम करीत होता. १९३७ साली वॉशिंग्टन संघात आलेला व पासच्या कलेला प्रतिष्ठा मिळवून देणारा सॅमी बॉ हासुद्धा प्रारंभीची काही वर्षे टेलबॅकच होता. व्यावसायिक लीगने म्हणजे एनएफएलने १९३३ साली आरंभरेषेच्या मागे कोठूनही पास देण्याची मुभा दिली आणि १९३८ साली पास देणाऱ्यावर अनावश्यक आघात केल्यास दंड ठरविला. फेकणाऱ्याचे शरीर नियमांच्या संरक्षणाखाली येण्याची ही सुरुवात होय.

‘टी’ रचना आणि पॉकेट

१९४० साली शिकागो बेअर्सचे जॉर्ज हॅलस यांनी सुधारित ‘टी’ रचनेचा प्रभावी वापर केला. क्वार्टरबॅक सेंटरच्या अगदी मागे उभा राहून चेंडू हातोहात घेऊ लागला. ८ डिसेंबर १९४० च्या अंतिम सामन्यात बेअर्सने वॉशिंग्टनला ७३-० असे नमविले. सिड लकमन हा त्या संघाचा क्वार्टरबॅक. परंतु त्या दिवशी बेअर्सने चेंडू मुख्यतः धावूनच पुढे नेला होता, हे या सामन्याची कथा सांगणारे पुष्कळदा विसरतात. काही वर्षांतच बहुतेक संघांनी ‘टी’ रचना स्वीकारली व क्वार्टरबॅक खऱ्या अर्थाने केंद्रस्थानी आला.

केंद्रस्थानी आलेल्या माणसाला सुरक्षित कसे ठेवावयाचे, या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर क्लीव्हलंड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी दिले. तोवरचे रक्षक समोरच्यावर आक्रमकपणे तुटून पडत. ब्राउन यांनी त्यांना पासच्या वेळी किंचित मागे सरकत, क्वार्टरबॅकभोवती पेल्याचा आकार करून प्रतिस्पर्ध्याला बाहेरच्या बाजूने वळविण्यास शिकविले. प्रतिस्पर्धी पराभूत व्हावयास हवा असे नाही, त्याला उशीर झाला तरी पुरे, हा त्यामागील विचार होता. या पेल्यालाच पुढे ‘पॉकेट’ म्हटले जाऊ लागले. ऑटो ग्रॅहम हा क्वार्टरबॅक आणि त्याच्या शेजारी उभा राहून रांग चुकवून आलेल्यांना अडविणारा मॅरियन मॉटली, ही जोडी ब्राउन्सकडे होती. १९४६ ते १९५५ या सलग दहा हंगामांत ब्राउन्स अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. त्यांपैकी सात त्यांनी जिंकले. मॉटली हा कृष्णवर्णीय होता. एनएफएलमध्ये १९३४ ते १९४५ या काळात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, ही पार्श्वभूमी विचारात घेता प्रतिस्पर्धी लीगमधील ब्राउन्सने १९४६ साली त्याला व बिल विलिस याला घेणे ही महत्त्वाची घटना ठरते. तथापि कृष्णवर्णीयाने गौरवर्णीय क्वार्टरबॅकचे रक्षण करावे, हे तत्कालीन समाजाला जितके सहज पटले, तितके त्याने स्वतः क्वार्टरबॅक व्हावे हे पटले नाही. वॉरन मूनसारख्या गुणी क्वार्टरबॅकला १९७८ साली एनएफएलच्या एकाही संघाने निवडले नाही व त्याला कॅनडाची वाट धरावी लागली.

नियमांचे वर्ष : १९७८

साठच्या दशकात पारडे बचाव करणाऱ्या संघांकडे झुकले. लॉस एंजेलिस रॅम्सचा डीकन जोन्स समोरच्या रक्षकाच्या शिरस्त्राणावर हाताच्या तळव्याने जोरदार थप्पड मारून त्याला क्षणभर बधिर करी व पुढे निघून जाई. ‘सॅक’ ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. (वैयक्तिक सॅकची अधिकृत मोजणी मात्र १९८२ पासूनच सुरू झाली. त्यामुळे जोन्सचे नाव अधिकृत यादीत नाही.) अशा वेळी रक्षकाने काय करावयाचे? त्याला हात छातीजवळ आखडून ठेवणे बंधनकारक होते. हाताने ढकलणे किंवा धरणे हा गुन्हा होता. परिणामी १९७७ च्या हंगामात संघांची प्रतिसामना सरासरी गुणसंख्या १७.२ इतकी खाली आली. १९४२ नंतरचा हा नीचांक होता.

लीगने याच सुमारास तीन बदल केले. १९७७ मध्ये डोक्यावर थप्पड मारण्यास बंदी आली. १९७८ मध्ये रक्षकांना पासच्या वेळी हात लांबवून उघड्या पंजांनी प्रतिस्पर्ध्याला रोखण्याची परवानगी मिळाली आणि पास झेलणाऱ्याला आरंभरेषेपासून पाच यार्डांपलीकडे अडविण्यास मनाई झाली. प्रेक्षकांना व दूरचित्रवाणीला अधिक गुण हवे होते, हे या बदलांमागील उघड कारण होते. परंतु त्यांचा तांत्रिक परिणाम दूरगामी ठरला. रक्षकाच्या कामात आता केवळ वजन पुरेसे राहिले नाही, लांब हात व चपळ पाय यांना मोल आले. १९७८ नंतर क्वार्टरबॅकची आकडेवारी झपाट्याने वाढत गेली. आजच्या व पूर्वीच्या क्वार्टरबॅकची तुलना करताना या वर्षाची सीमारेषा न पाळणे ही प्रस्तुत लेखकाच्या मते मोठी पद्धतिशास्त्रीय चूक होय.

दोन उत्तरे : वॉल्श आणि गिब्स

संरक्षणाच्या समस्येला ऐंशीच्या दशकात दोन भिन्न उत्तरे मिळाली. पहिले बिल वॉल्श यांचे. १९६९ साली सिनसिनाटी बेंगॉल्सचा ग्रेग कुक हा प्रभावी क्वार्टरबॅक खांद्याच्या दुखापतीने निकामी झाला. त्याच्या जागी आलेल्या व्हर्जिल कार्टरकडे लांब फेकण्याची ताकद नव्हती. तेथे साहाय्यक असलेल्या वॉल्श यांनी मग आखूड, अचूक व ठरलेल्या पावलांनंतर तत्काळ सोडावयाच्या पासची रचना बसविली. १९७१ साली कार्टर पास पूर्ण करण्याच्या टक्केवारीत लीगमध्ये पहिला आला. रक्षकांना अधिक वेळ टिकता येत नसेल, तर मुळात वेळच कमी लागेल असा खेळ करावा, हे या उत्तराचे सार. सॅन फ्रान्सिस्कोत जो मॉन्टॅनासह वॉल्श यांनी याच पद्धतीने तीन सुपर बोल जिंकले. अर्थात तेही संपूर्णपणे रक्षकांविना नव्हे. जानेवारी १९८२ मधील सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरला रोखण्यासाठी त्यांनी जॉन एअर्स या गार्डला खास नेमले होते.

टेलरच्या आगमनाने टॅकलच्या स्थानाचे महत्त्व बदलले. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक पासच्या तयारीत असताना त्याची डावी बाजू त्याला दिसत नाही. त्या बाजूने येणाऱ्याला केवळ डावा टॅकलच थांबवू शकतो. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री दूरचित्रवाणीवर लक्षावधी प्रेक्षक पाहत असताना टेलरच्या धडकेत वॉशिंग्टनच्या जो थाइझमनचा पाय मोडला व त्याची कारकीर्द संपली. वॉशिंग्टनचा नेहमीचा डावा टॅकल जो जेकबी त्या सामन्यात दुखापतीमुळे खेळत नव्हता.

वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्स यांचे उत्तर वॉल्श यांच्या उलट दिशेचे होते. टेलरसारख्यांना तोंड देण्यासाठी त्यांनी आघाडीजवळ अधिक खेळाडू ठेवले आणि ‘हॉग्ज’ या नावाने गाजलेल्या रक्षकांच्या रांगेवर सारी भिस्त ठेवली. त्यांनी जिंकलेल्या तीन सुपर बोलमध्ये क्वार्टरबॅक तीन वेगवेगळे होते. १९८२ च्या हंगामात थाइझमन, १९८७ मध्ये डग विल्यम्स आणि १९९१ मध्ये मार्क रिपिएन. १९९१ च्या संपूर्ण नियमित हंगामात या संघाने अवघे नऊ सॅक होऊ दिले. तिघांपैकी एकाचेही नाव सर्वकालीन थोर क्वार्टरबॅकच्या यादीत सहसा येत नाही. रक्षकांच्या बाजूने याहून सबळ पुरावा या खेळाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

यांपैकी विल्यम्सविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. ३१ जानेवारी १९८८ रोजी डेन्व्हरविरुद्ध त्याने ३४० यार्डांचे पास दिले. वॉशिंग्टनने केवळ दुसऱ्या पावभागात ३५ गुण करून सामना ४२-१० असा जिंकला. सुपर बोल जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. ‘या वंशाचे खेळाडू क्वार्टरबॅकच्या बौद्धिक कामास योग्य नाहीत’ हा समज दशकानुदशके प्रशिक्षकांच्या बैठकांतून वावरत होता. त्याची तपासणी करण्यासाठी लागणारी परिस्थिती, म्हणजे उत्तम रक्षक व विचारी प्रशिक्षक, कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला बहुधा मिळतच नसे. संरक्षणाचा प्रश्न येथे सामाजिक न्यायाच्या प्रश्नाला येऊन भिडतो.

बाजारपेठेने रक्षकाची किंमत ओळखली ती १९९३ साली, खेळाडूंना संघ बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाल्यावर. त्या वर्षी विल वोलफर्ड या डाव्या टॅकलला इंडियानापोलिस कोल्ट्सने तीन वर्षांसाठी ७६.५ लाख डॉलर देऊ केले. आपल्या संघाच्या आक्रमक फळीत त्याच्याहून अधिक वेतन कोणालाही मिळणार नाही, अशी अटही करारात होती.

डेव्हिड कार आणि दोषाची वाटणी

येथवरचे विवेचन रक्षकांच्या बाजूने झुकलेले वाटेल. म्हणून डेव्हिड कारचे उदाहरण बारकाईने पाहणे योग्य ठरेल. २००२ साली नव्याने स्थापन झालेल्या ह्यूस्टन टेक्सन्सने महाविद्यालयीन खेळाडूंमधून त्याची सर्वप्रथम निवड केली. त्याच वर्षी इतर संघांच्या खेळाडूंमधून निवड करताना त्यांनी पहिले नाव घेतले ते टोनी बोसेली या अव्वल डाव्या टॅकलचे. योजना सर्वार्थाने शास्त्रशुद्ध होती. परंतु बोसेलीचा खांदा बरा झालाच नाही व टेक्सन्ससाठी तो एकही सामना खेळला नाही. पहिल्याच हंगामात कार ७६ वेळा पाडला गेला. एका हंगामातील सॅकचा हा विक्रम आजही अबाधित आहे. २००५ मध्ये पुन्हा ६८ वेळा. ह्यूस्टनमधील पाच हंगामांत एकूण २४९ वेळा.

याचा दोष कोणाचा? रक्षक दुबळे होते, यात शंका नाही. परंतु सॅकची संख्या क्वार्टरबॅकच्या सवयींवरही अवलंबून असते. १९८८ साली मायामीच्या डॅन मरीनोने ६०६ पास फेकले आणि तो केवळ सहा वेळा पाडला गेला. चेंडू हातातून सोडण्याची त्याची गती विलक्षण होती. २००९ साली पेटन मॅनिंगही फक्त दहा वेळा सापडला. याउलट १९८६ मध्ये फिलाडेल्फियाचा रँडल कनिंगहॅम हा अत्यंत चपळ असूनही ७२ वेळा पाडला गेला, कारण निसटून जाता येईल या विश्वासाने तो चेंडू अधिक काळ धरून ठेवी. चपळ क्वार्टरबॅकला रक्षक कमी लागतात, ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावी लागते. कारच्या बाबतीत कार्यकारण उलगडणे अधिक कठीण आहे. प्रारंभी रक्षकांमुळे तो पडला. पुढे पडण्याच्या अपेक्षेने त्याची नजर मैदानावरून समोरच्या धडकेकडे वळू लागली व निर्णय लांबू लागला, असे अनेक निरीक्षकांचे मत होते. एकाचा दोष दुसऱ्याच्या सवयीत मुरला, म्हणजे आकडेवारी तो वेगळा काढू शकत नाही. कारच्या कारकिर्दीवर ‘अपयशी’ असा शिक्का मारणारे लेखन वाचताना प्रस्तुत लेखकास ते अन्यायकारक वाटते. चांगल्या रांगेमागे तो काय करू शकला असता, हे कोणालाच सांगता येणार नाही.

कॅन्सस सिटी चीफ्सचे अलीकडील सामने तुलनेने स्वच्छ पुरावा देतात, कारण त्यांत क्वार्टरबॅक तोच राहिला व रक्षक बदलले. ७ फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर व मिचेल श्वार्ट्झ, दुखापतग्रस्त होते. ईएसपीएनच्या मोजणीनुसार पॅट्रिक महोम्सवर २९ वेळा दडपण आले आणि टॅम्पा बे ३१-९ असा विजयी झाला. त्यानंतर चीफ्सने जवळजवळ संपूर्ण रांग नव्याने उभी केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्यासमोर नियमित हंगामात ७० सॅक करणारा फिलाडेल्फियाचा संघ होता. त्या सामन्यात महोम्स एकदाही सॅक झाला नाही व चीफ्सने ३८-३५ असा विजय मिळविला. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी तेच दोन संघ पुन्हा भिडले. या वेळी चीफ्सच्या डाव्या टॅकलच्या जागी मूळचा गार्ड जो थुनी खेळत होता. फिलाडेल्फियाने अतिरिक्त खेळाडू धाडण्याची जोखीम न घेता, केवळ आघाडीच्या फळीच्या बळावर महोम्सला सहा वेळा पाडले. मध्यंतरापर्यंत गुणफलक २४-० होता, अंतिम निकाल ४०-२२. या दोन वर्षांत महोम्सचे कौशल्य घटले होते, असे म्हणण्यास आधार नाही.

रक्षकांचे मस्तक

नियमांनी क्वार्टरबॅकला उत्तरोत्तर अधिक कवच दिले. पाच रक्षकांच्या शरीराचे काय झाले, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. माइक वेबस्टर हा १९७४ ते १९८८ या काळात पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर होता. टेरी ब्रॅडशॉला चार सुपर बोल मिळवून देणाऱ्या संघाचा तो कणा होता. निवृत्तीनंतर त्याची स्मृती व मानसिक संतुलन ढासळत गेले. २००२ साली, वयाच्या ५० व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. पिट्सबर्गमधील विकृतिशास्त्रज्ञ बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि वारंवार बसणाऱ्या आघातांतून उद्भवणाऱ्या ऱ्हासाची लक्षणे त्यात आढळल्याचे २००५ साली शोधनिबंधाद्वारे मांडले. व्यावसायिक फुटबॉलपटूतील अशी ही पहिली नोंद. लीगने प्रारंभी हे निष्कर्ष फेटाळले. २०१३ साली माजी खेळाडूंशी ७६.५ कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली व पुढे तिच्यावरील कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टन विद्यापीठाच्या अभ्यासात एनएफएलमधील १११ मृत खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये हा विकार आढळला. हे मेंदू बहुतांशी शंका आलेल्या कुटुंबीयांनीच दान केलेले होते, त्यामुळे त्या प्रमाणावरून सर्व खेळाडूंविषयी अनुमान काढता येत नाही.

क्वार्टरबॅकला बसणारा मोठा धक्का सर्वांना दिसतो. त्याची पुनरावृत्ती दाखविली जाते, दंड होतो, सॅकच्या रकान्यात आकडा चढतो. सेंटर मात्र चेंडू मागे देताक्षणीच समोरच्याशी भिडतो आणि हे प्रत्येक प्रयत्नात घडते, पास यशस्वी होवो वा न होवो. वेबस्टर १७ हंगामांत २४५ सामने खेळला, हे अधिकृत नोंदींत आढळते. त्या सामन्यांतील त्याच्या मस्तकावरील आघातांचा रकाना त्या नोंदींत नाही.